फियाट घाटात बंद पडते: एप्रिल-मे २०२४ च्या नोंदी

गाडी: प्रीमियर पद्मिनी, १९८६ ची. १०८९ सीसी, चार सिलिंडर, कार्बोरेटर, सीबी पॉइंटवरचं इग्निशन (म्हणजे वीज तोडून-जोडून ठिणगी पाडणारे, उघडझाप करणारे दोन संपर्क), गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. बाबांनी १९९१ मध्ये सेकंडहँड घेतली, तेव्हापासून घरात आहे. कागदावर पद्मिनी असली तरी घरी आणि गावात तिला फियाटच म्हणतात. ते चूकही नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून जी फियाट ११०० डिलाइट तयार व्हायची, तीच पुढे प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये पद्मिनी. आरसीचं पुढचं नूतनीकरण २०२६ ला आहे. तोपर्यंत गाडी भरवशाची करायची असं ठरवलंय.

बाबा पेट्रोल आणि दुरुस्तीचा हिशोब एका वहीत लिहितात. त्याच वहीच्या मागच्या पानांवर या नोंदी केल्यात.

७ एप्रिल, रविवार. मीटर ६१,४३०

पाडव्यासाठी बाबांना घेऊन वाईजवळच्या आमच्या गावी निघालो. पुण्यातून निघायला अकरा वाजले. शिरवळपर्यंत कसलीही कुरकुर नाही. खंबाटकी घाट चढताना पुढे कंटेनर होता, त्यामुळे दुसऱ्या गिअरमध्ये वीस-पंचवीसच्या वेगाने चढत होतो. खामजाईच्या देवळाच्या अलीकडे इंजिन बंद पडलं.

कसं बंद पडलं ते नीट लिहून ठेवतो. आधी धक्के नाहीत, फटफट नाही, ओढ कमी झाल्याचंही जाणवलं नाही. पंख्याचं बटण बंद करावं तसं एकदम थांबलं. वेग होता तेवढ्यावर गाडी कडेला घेतली, बाबांनी उतरून चाकामागे दगड लावला.

सेल्फ जोरात फिरत होता, म्हणजे बॅटरी ठीक. पण इंजिन पकडेना. चोक ओढून पाहिला, चोक आत ढकलून पाहिला, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून पाहिला. सहा-सात वेळा सेल्फ मारल्यावर बॅटरी संपेल म्हणून थांबलो. एक प्लग काढला तर ओला होता, पेट्रोलचा वास. ओव्हर झाली असावी, म्हणजे इंजिनात पेट्रोल जास्त गेलं असावं, असं वाटलं. मागून ट्रक वळत होते म्हणून इंडिकेटर चालू हवा होता, त्यासाठी किल्ली ऑनच ठेवली.

पाऊण तासाने सहज सेल्फ मारला तर पहिल्या फटक्याला चालू. गावापर्यंत काही त्रास नाही.

८ एप्रिल, सोमवार

सकाळी तात्या आले. आमच्या आळीतले. मुंबईत २७ वर्षं टॅक्सी चालवली, तीही फियाटच. गावी परतूनही आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या हातात ही गाडी दिली की ते आधी दरवाजा लावून बघतात. आवाज बरोबर आला तर पुढे बोलतात.

सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "आरं पोरा, उन्हाळ्याचं हे होणारच. एसी पंपावर ओलं फडकं टाक. दहा मिंटं दम खाऊ दे तिला. मुंबईत मे महिन्यात आमच्या प्रत्येक गाडीत एक फडकं आन एक पाण्याची बाटली असायची."

एसी पंप म्हणजे इंजिनाला लागून असलेला पेट्रोल पंप. कॅमशाफ्टवर चालतो, आतला पडदा खालीवर होतो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून कार्बोरेटरला देतो. घाटात इंजिन तापतं, मंद वेगामुळे वारा लागत नाही, पंपात किंवा त्याच्या अलीकडच्या नळीत पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव ओढायला केलेला असतो. वाफ नुसती आकुंचन-प्रसरण पावत राहते आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. मेकॅनिक याला व्हेपर लॉक म्हणतात. ओल्या फडक्यातलं पाणी उडताना पंपाची उष्णता नेतं आणि वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं. उपाय साधा आणि शास्त्राला धरून आहे.

निघताना तात्यांनी मुंबईचा विषय काढला. २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून गेल्या वर्षी ३० ऑक्टोबरपासून मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी उठली. तात्या म्हणाले, "त्या दिवशी मी जेवलो न्हाय."

१० एप्रिल, बुधवार. मीटर ६१,५५२

परतीला वाटेत घाट चढायचा नसतो, बोगद्यातून येतो. तरीही खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर रांगेत बंद पडली. तसंच, एकदम. लोकांनी ढकलून कडेला लावली. किल्ली काढली, बॉनेट उघडलं, तात्यांनी सांगितल्याप्रमाणे पंपावर ओलं फडकं टाकलं, वर थोडं थोडं पाणी सोडत राहिलो. २५ मिनिटांनी चालू झाली.

फडक्याने चालू झाली म्हणजे व्हेपर लॉकच. आता पेट्रोलची बाजू पूर्ण दुरुस्त करायची.

१३ आणि १४ एप्रिल

शनिवारी नाना पेठेतून पंपाचं किट, नवा फिल्टर, पेट्रोलची रबरी नळी आणि क्लिपा आणल्या. रविवारी दिवसभर काम.

पंप उघडला. पडदा कडक झाला होता, कडेला बारीक चिरा. बदलला. कार्बोरेटर उतरवला, जेट फुंकून साफ केले, फ्लोटची नीडल पाहिली, वाटीच्या तळाशी चिमूटभर लाल माती निघाली. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक तपासलं. ते बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. ते मोकळं होतं. खालून येणारी धातूची नळी पंपाजवळच्या टोकाला गंजून पातळ झाली होती, म्हणून तो दोन फुटांचा भाग कापून टाकला आणि तिथे रबरी नळी घातली. रबर वळतं, बसवायला सोपं गेलं.

इंजिन मऊ चालतंय. आयडलिंगला काचेवरचं पाणीही हलत नाही.

२० एप्रिल, शनिवार. मीटर ६१,६४८

सिंहगड रोडला दुपारी साडेतीनला बंद. एकदम. फडकं टाकलं, बराच वेळ गेला, अंधार पडायच्या आत घरी पोचायचं म्हणून जवळच्या गॅरेजमध्ये ओढून नेली. तिथे पोचेपर्यंत ती चालू होत होती. त्यांनी बघून सांगितलं, कार्बोरेटर बदला, जमलं तर अख्खं वायरिंग करून घ्या. कशावरून, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. चालू गाडीत दोष कसा दिसणार? नाही म्हणून गाडी घरी आणली.

आतापर्यंतचा खर्च ३,४०० रुपये. गाडी होती तिथेच आहे.

रात्री शेजारच्या विंगमधल्या काकांकडे गेलो. ते दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. त्यांनी वही मागितली आणि ७ एप्रिलची नोंद दोनदा वाचली.

"एकदम बंद पडली असं तुम्ही स्वतः लिहिलंय," ते म्हणाले. "पेट्रोल तुटतं तेव्हा गाडी आधी सांगते. धक्के देते, ओढ जाते, मग मरते. वाटीत पेट्रोल शिल्लक असतं ना, ते संपायला वेळ लागतो. एकदम मरते तेव्हा आधी करंट बघायचा. आणि प्लग ओला होता हेही लिहिलंय. पेट्रोल येत नसतं तर प्लग ओला कशाने झाला?"

मी म्हटलं, "पण काका, फडक्याने चालू झाली."

"फडकं न टाकता तेवढाच वेळ थांबून पाहिलंत का?"

नव्हतं पाहिलं.

त्यांनी सांगितलेली पद्धत लिहून घेतली. ताप असताना डॉक्टर तपासतो तशी गाडी बंद पडल्या जागी, गरम असताना तपासायची. थंड गाडीचा एकही पार्ट हलवायचा नाही. बंद पडली की पहिल्या पाच मिनिटांत दोनच प्रश्न: पेट्रोल येतंय का आणि ठिणगी पडतेय का. दोन्हींपैकी जे नसेल तिथून मागे मागे जायचं.

२७ एप्रिल, शनिवार. मीटर ६१,७०५

आज मुद्दाम बंद पाडायला निघालो. डिकीत मल्टिमीटर, बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प, झाकणाची बाटली, जाड रबरी मुठीची पकड, प्लगचा पाना, पाणी. काका सोबत. दुपारी एकला निघून जुना कात्रज घाट, बोगद्यापलीकडे शिंदेवाडीपर्यंत जायचं आणि परत, अशा फेऱ्या. तिसऱ्या चढाला, निघाल्यापासून तासाभराने, बंद. मला चक्क आनंद झाला.

आधी पेट्रोल. कॉइल म्हणजे बॅटरीच्या बारा व्होल्टपासून ठिणगीसाठी हजारो व्होल्ट तयार करणारा डबा, आणि डिस्ट्रिब्युटर ती वीज प्लगना वाटतो. कॉइलची मधली जाड वायर डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतून काढून बॉडीला घट्ट टेकवून ठेवली, म्हणजे कुठेही ठिणगी उडणार नाही. पंपाची पुढची नळी काढून बाटलीत धरली, काकांनी सेल्फ मारला. ढुस ढुस करत पेट्रोल आलं, भरपूर. नळी परत लावली, बाटलीला झाकण लावून गाडीपासून लांब नेऊन ठेवली, सांडलेलं पुसून वाळू दिलं. हे वाळल्याशिवाय पुढची चाचणी करायची नाही.

मग करंट. तीच मधली वायर पकडीने धरून तिचं टोक इंजिनाच्या लोखंडापासून पाव इंचावर धरलं. सेल्फ मारला. काही नाही. अंतर निम्मं केलं तर एखादी पिवळट, बारीक ठिणगी, मध्येच गायब. निरोगी ठिणगी निळी असते आणि तिचा कट कट आवाज येतो.

म्हणजे दोष इग्निशनमध्ये. आता तो कॉइलच्या अलीकडे की कॉइलमध्ये? टेस्ट लॅम्पचं एक टोक कॉइलच्या पॉइंटकडच्या स्क्रूला, दुसरं बॉडीला. सेल्फ मारताना दिवा लुकलुकला. म्हणजे कॉइलपर्यंत वीज येतेय आणि पॉइंट उघडझाप करताहेत. कंडेन्सरची, म्हणजे पॉइंटला जोडलेल्या छोट्या डबीची, शंका उरत होती. काकांनी खिशातून दुसरा कंडेन्सर काढला, वायरने तात्पुरता जोडला. फरक नाही.

कॉइलला हात लावला आणि लगेच काढला. चहाच्या पातेल्याला लागावा तसा चटका.

किल्ली काढली आणि काहीही न करता बसलो. फडकं नाही, पाणी नाही. दर दोन मिनिटांनी ठिणगी बघायची. २२ व्या मिनिटाला निळी, कडक ठिणगी आली. वायर लावली, चालू.

टोलनाक्यावर २५ मिनिटं, इथे २२. फडक्याखाली पंप थंड होत होता, पण त्याच वेळात शेजारी कॉइलही निवत होती. आणि खंबाटकीत पाऊण तास का लागला तेही आता कळलं: तिथे इंडिकेटरसाठी किल्ली ऑन ठेवली होती. इंजिन थांबताना पॉइंट मिटलेले राहिले असतील, तर कॉइलमधून वीज वाहतच राहते आणि ती निवत नाही.

२८ एप्रिल, रविवार

कॉइल उतरवून घरी टेबलावर. आत तारेच्या दोन गुंडाळ्या असतात, जाड तारेची प्रायमरी आणि बारीक तारेची सेकंडरी. थंड असताना मल्टिमीटरवर प्रायमरी १.५ ओहम, सेकंडरी ८.४ किलोओहम. नुसते आकडे पाहून कोणीही चांगली आहे म्हणेल.

मग गरम करून पाहिली. कॉइल जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीचं तोंड आणि कॉइलची टोकं पाण्याच्या वर, पिशवी भगोण्यात, भगोणं गॅसवर मंद. हिने दुधाचं भगोणं द्यायला नकार दिला, अंघोळीचं पाणी तापवायचं जुनं दिलं, आणि मग स्वतःच थर्मामीटर धरून उभी राहिली. ती आकडा सांगायची, मी लिहायचो. ४० अंशाला सेकंडरी ८.७. ६० ला ९.४. तांब्याचा रोध तापमानाबरोबर दर अंशाला साधारण ०.३९ टक्के वाढतो, त्या हिशोबात हे बसत होतं. ७४ ला ९.८. ७८ ला आकडा थरथरायला लागला, १० वर गेला, २३ वर उडी मारली, परत १० वर आला. ८१ ला मीटरने "ओएल" दाखवलं, म्हणजे आतली तार तुटलेली. गॅस बंद केला. पाणी निवत ७० च्या खाली गेलं आणि आकडा ९.७ वर परत आला. दोन वेळा करून पाहिलं, दोन्ही वेळा तेच.

आत केसाएवढ्या तारेत कुठेतरी भेग आहे. तापली की दोन टोकं दूर सरकतात, निवली की परत टेकतात. म्हणून थंड गाडीत ती कधीच सापडली नसती.

"सापडलं का?" हिने विचारलं. सापडलं.

१ मे, बुधवार

कॉइल खराब झाली हे कळलं, का झाली हे कळत नव्हतं. आज बाबांच्या वहीत मागे जात गेलो. १२ मार्च २०२२ ची ओळ सापडली: "कॉइल बदलली, ८५० रु." गाडी तेव्हा एका गॅरेजमध्ये होती.

काकांना १.५ ओहम सांगितल्यावर त्यांनी मान हलवली. या गाडीला सुमारे ३ ओहमची कॉइल लागते, थेट बारा व्होल्टवर चालणारी. १.५ ओहमची कॉइल अशा गाड्यांसाठी असते ज्यांच्यात कॉइलच्या आधी बॅलास्ट नावाचा वेगळा रेझिस्टर असतो. तो विजेचा अर्धा दाब (व्होल्टेज) आपल्यावर घेतो. आमच्या गाडीत तो नाही. दोन्ही कॉइल बाहेरून सारख्याच दिसतात, पट्ट्यात सारख्याच बसतात आणि गाडी दोन्हींवर चालते.

हिशोब असा. १२ व्होल्टला ३ ओहम म्हणजे ४ अँपिअर, ४८ वॅट. १.५ ओहम म्हणजे ८ अँपिअर, ९६ वॅट. पॉइंट मिटलेले आणि किल्ली ऑन असेल तर जवळजवळ शंभर वॅटचा बल्ब त्या डब्यात पेटलेला. गाडी चालू असताना पॉइंट उघडझाप करत असल्यामुळे यापेक्षा कमी, पण प्रमाण तेच. वर घाटातली इंजिनाची गरमी. दोन वर्षं गाडी बहुतेक सकाळी मंडईपर्यंत आणि परत एवढीच धावली, म्हणून तिने तग धरला.

पॉइंट काढून पाहिले. एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला उंचवटा, कडा निळसर. दुप्पट वीज त्यांनीही सोसली होती.

४ मे, शनिवार

नाना पेठेत मल्टिमीटर घेऊन गेलो. दुकानदार आधी हसला, मग स्वतःच डबे काढून द्यायला लागला. पहिली कॉइल १.६, दुसरी १.५, दोन्हींच्या डब्यावर "फियाट, मारुती, जीप सर्वांसाठी" असं लिहिलेलं. तिसरी ३.१. ती घेतली. सोबत पॉइंट आणि कंडेन्सर.

घरी बसवलं. पॉइंटची गॅप फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) ०.४५ मिमी. गेज घालून ओढताना लोण्यातून सुरी जावी एवढीच अटक जाणवली पाहिजे. सैल गेलं की गॅप जास्त, अडलं की कमी. पॉइंट बसवायच्या आधी त्यांच्यावरचं कारखान्याचं ग्रीस पेट्रोलच्या फडक्याने पुसलं. ते राहिलं तर नवे पॉइंटही काळे पडतात. टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) पुन्हा बघितलं, कारण गॅप बदलली की टायमिंग सरकतं.

५ मे, रविवार. मीटर ६१,७९०

कात्रजच्या पाच फेऱ्या, सलग दोन तास, भर दुपारी. एकदाही नाही. थांबल्यावर कॉइलवर हात ठेवला. गरम आहे, पण हात ठेवून दहा आकडे मोजता येतात.

१२ मे, रविवार. मीटर ६१,८८४

बाबांसोबत गावी. खंबाटकीत रांग लागली होती, अर्धा तास सरकत सरकत. वरच्या वळणांना गाडीने दोन धक्के दिले. ओढ गेली, परत आली, परत गेली, आणि मग इंजिन मेलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी वही काढली.

यावेळी आधी धक्के होते. काकांचं वाक्य आठवलं. ठिणगी पाहिली: निळी, कडक. मग वायर बॉडीला टेकवून पंपाची नळी बाटलीत: सेल्फ फिरतोय आणि नळीतून बुडबुडे, फेस, थेंब थेंब. पेट्रोल नाही. म्हणजे हे खरोखरचं व्हेपर लॉक.

बॉनेटखाली वाकून नळी शेवटपर्यंत बोटाने चाचपत गेलो. १४ एप्रिलला मी घातलेली दोन फुटांची रबरी नळी मध्ये झोळीसारखी लोंबत होती आणि सायलेन्सरच्या पुढच्या पाइपपासून जेमतेम दोन बोटांवर आली होती. त्या बाजूने रबर चकचकीत मऊ झालेलं. मूळ धातूची नळी त्या पाइपला वळसा घालून लांबून गेली होती. ती मी चुकीच्या निदानावर कापली आणि नसलेला दोष गाडीत घातला. कात्रजला वारा लागत होता म्हणून तो दिसला नाही. रांगेत दिसला. ती नळी आणखी मऊ होऊन फुटली असती तर पेट्रोल तापल्या पाइपवर पडलं असतं. हे लिहिताना हात थरथरतोय.

नळी वर उचलून सुतळीने बांधली. पंपावर आणि नळीवर ओलं फडकं टाकलं. चर्र आवाज आला, फडक्यातून वाफ निघाली. चार मिनिटांत चालू. २५ नाही, २२ नाही, चार. खऱ्या व्हेपर लॉकवर फडकं किती लवकर काम करतं ते आज पाहिलं. तात्यांचा उपाय अचूक होता, तेव्हाचा आजार वेगळा होता.

१३ मे, सोमवार

तात्यांना सगळं सांगितलं. कॉइलचंही सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "मंग फडक्याला नाव न्हाय ना ठेवलंस?" नाही ठेवलं.

वाईतून जुन्याच मापाची स्टीलची नळी आणली. तात्यांनी ती वाकवायला घेतली. नुसती वाकवली की वळणावर चेपते आणि भोक अरुंद होतं. त्यांनी अंगणातली वाळू चाळणीतून गाळली, तव्यावर कोरडी भाजली, नळीचं एक टोक लाकडाच्या खुंटीने बंद करून वाळू भरली. नळी उभी धरून बाजूने पान्याच्या दांड्याने टकटक करत, वाळू बसेल तशी आणखी भरत गेले. दुसरं टोक बंद केलं. मग आंब्याच्या बुंध्याला टेकवून, दोन्ही हातांनी, घाई न करता, वळण काढलं. काढून टाकलेला जुना तुकडा मी सुदैवाने डिकीतच ठेवला होता. तो शेजारी धरून ते मध्ये मध्ये जुळवून बघायचे. तीन वळणं, अर्धा तास. वाळू झटकली, पेट्रोलने धुतली, फुंकून पाहिली, आरपार उजेड पाहिला.

इंजिन हादरतं म्हणून पंपाच्या तोंडाशी चार इंच रबर ठेवावंच लागतं. तेवढं नवं घातलं, दोन्हीकडे क्लिपा. धातूची नळी पाइपपासून वीतभर लांब, दोन ठिकाणी बॉडीला पट्टीने बांधली. त्या भागावर काचतंतूचं वेष्टण चढवलं. इंजिन चालू ठेवून सगळे जोड कागदाने पुसून पाहिले. ओल नाही.

२६ मे, रविवार. मीटर ६२,१३०

शेवटची चाचणी. तात्या मुलाकडे पुण्याला आले होते, त्यांना गावी सोडायचं होतं. मुद्दाम दुपारी बाराला निघालो. शिरवळला चहा घेतला, इंजिन गरम असतानाच लगेच पुन्हा चालू करून पाहिलं, पहिल्या फटक्याला. घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबवून किल्ली तात्यांकडे दिली.

त्यांनी दरवाजा लावला, आवाज ऐकला, सीट पुढे घेतली. दांडीवरचा गिअर न बघता पडला. पुढे टँकर होता, वेग वीस. खामजाईशी मी खिडकीतून कॉइलकडे लक्ष असल्यासारखा बॉनेटकडेच बघत होतो. तात्या समोर बघत म्हणाले, "आवाज ऐक की. बघून काय दिसणार हाय?" वरच्या वळणाला त्यांनी दुसऱ्यातून तिसरा टाकला, टँकर मागे राहिला. सुरूर फाट्याला त्यांनी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, दहा मिनिटं गप्पा मारल्या, परत चालू केलं. चालू झालं. मग मला म्हणाले, "घरापर्यंत मीच नेतो."

पुढची कामं: पॉइंटची गॅप मीटर ६४,००० ला परत बघणे. ३.१ ओहमची कॉइल कायमची आहे हे बॉनेटच्या आतल्या बाजूला रंगाने लिहिणे. जुनी कॉइल काकांना हवी आहे, त्यांना देणे.